चेंबूखालचा भाट

मल्लेश्वरम, बेंगळूर
भाद्रपद, १९६१

तीर्थस्वरूप अक्काच्या पायांशी विश्वेश्वराचा नमस्कार. (अण्णाचं वर्ष व्हायचं आहे म्हणून माथ्यावर 'श्री' घातलेला नाही. विसरलो असं समजू नकोस.) भावजींचा गुडघा कसा आहे? तेल कावेरीच्या माहेरचं होतं, तेव्हा उतार पडला नसेल तर मला बोलू नकोस. आमच्याकडे सगळे बरे आहेत. माझे केस पुन्हा उगवले आहेत, पण डाव्या बाजूला स्वल्प कमी.

तुझं पत्र पोचलं. यंदा आमच्या घरी दसऱ्याच्या बाहुल्या मांडायच्या नाहीत, तेव्हा आईच्या बाहुल्या म्हैसूरला तुझ्याकडे मांडाव्यात हे तुझं म्हणणं रास्तच आहे. पेटी बांधून ठेवली आहे. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती कुठून सुरू करावी हेच मला कळत नाही.

अण्णा दर शनिवारी हणमंतरावांकडे जायचा. आपण समजत होतो पत्ते खेळायला. ते पत्ते नव्हते. हणमंतराव फौजेत नकाशे काढायचे. आता पेन्शनीत गेल्यापासून त्यांनी मनानंच एक राज्य तयार केलं आहे. त्याचा नकाशा जेवणाच्या मेजावर पसरतात. (त्यातलं तळं हुबेहूब हेब्बाळचं आहे, फक्त त्यात राक्षस राहतो.) जमलेल्यांपैकी प्रत्येकानं त्या राज्यातलं कुणीतरी व्हायचं आणि आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं. मग पुढे काय झालं ते हणमंतराव सांगतात. शंका आली की सारीपाटाचे फासे टाकायचे. यात जिंकतं कोण, असं मी पुन्हा पुन्हा विचारलं. कुणीच नाही म्हणे. आपला अण्णा तिथे भाट होता.

हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून तेरावा झाल्यावर हणमंतराव आणि कृष्णाबाई (मुलींच्या शाळेत हेडमिस्ट्रेस होत्या त्या) घरी आले, तेव्हा मी भेटायला आलेल्यांसाठी घालतो तशी चटई घातली. दोघं तिच्यावर बसले. मग कृष्णाबाई म्हणाल्या, "भाट कैदेत आहे. तुम्ही येणार, की आम्ही त्याला फाशी जाऊ द्यायचं?" अण्णाचा कुणी स्नेही संकटात आहे असं मी समजलो. शनिवारी कोट घालून, ओळखीच्या वकिलाचा पत्ता खिशात टाकून गेलो. मेजावर पाण्याचा एक पितळी चेंबू पालथा घातला होता, तीच भाटाची कैद. हणमंतरावांनी तो उचलून दाखवला. आत आईच्या बाहुल्यांतला तंबोरेवाला होता, अण्णानं भाट म्हणून नेलेला, तोच, तू लहानपणी पाडून नाक फोडलेला.

अक्का, मी परत फिरणार होतो. पण अण्णाची जागा कुणी घेतली नाही तर नियमाप्रमाणे भाट मरतो. अण्णाचं एकदा सगळं करून झालेलं होतं, पुन्हा तेच करायला माझं मन होईना. बसलो.

भाटाजवळ तलवार नसते. तो गातो, त्यानं बाकीच्यांना बळ चढतं आणि त्यांच्या फाशात एक जास्त धरतात. आता मी वर्षभर गायचं नाही. (एरवीही कुणी मला गायला सांगितलेलं नाही, ते निराळं.) म्हणून आपल्या उपाध्यायांकडे, भीमाचार्यांकडे, जाऊन विचारलं, खेळात गायलं तर चालतं का? त्यांनी विचारलं, "त्या भाटाचं कोण वारलं?" मी म्हटलं, कुणी नाही. ते म्हणाले, "मग त्याला दोष नाही. पण तोंड तुमचं, त्याला आहे." यावर काय करायचं हे त्यांनी सांगितलं नाही.

मग मी गद्यात करून पाहिलं. कृष्णाबाई तिथे सेनापती आहेत. त्या लढायला निघाल्या तेव्हा चेंबूखालून मी म्हणालो, सेनापतींची तलवार चांगल्या स्थितीत असून त्या वेळेवर येतात. "ही स्तुती झाली की सर्टिफिकेट?" कृष्णाबाई म्हणाल्या. त्यांचा फासा वाईट पडला आणि तो माझ्या खात्यात गेला. देवाप्पा (सोन्याचांदीचं दुकान आहे, खेळात मात्र चोर असतो) मला धीर द्यायला म्हणाला, "अण्णा तर राक्षसालाही हसवायचे, सार." यानं धीर आला नाही.

शेवटी फाशीचा शनिवार आला. हणमंतराव किल्लेदार झाले आणि जाड आवाजात म्हणाले, "भाटा, गा, नाहीतर चढ." मी म्हणालो, गाता येत नाही, घरात वारलं आहे. "कोण?" किल्लेदारानं विचारलं. थोरला भाऊ, मी म्हणालो. "कसा होता?" आता हे किल्लेदार विचारतो आहे की हणमंतराव, मला कळेना, आणि मध्येच विचारणं बरं दिसेना. म्हणून सांगत गेलो. दाढी करताना गालात हवा भरून कसा गायचा, आईनं मला मारलं की स्वतःच रडायला कसा लागायचा, शेवटच्या आठवड्यातसुद्धा शनिवार कधी आहे ते कसं विचारायचा. तेराव्यालाही मी इतकं बोललो नव्हतो. थांबलो तेव्हा किल्लेदाराच्या डोळ्यांना पाणी होतं. त्यांनी चेंबू उचलून बाजूला ठेवला.

"फासे न टाकता?" कृष्णाबाई म्हणाल्या, पण त्याही नाक पुसत होत्या.

"सरी, बिडी," देवाप्पा म्हणाला, म्हणजे जाऊ द्या.

"किल्लेदार रडतोय," हणमंतराव म्हणाले, "मी नाही."

तेव्हा भाट सुटला. मी अजून गोंधळलेलाच आहे. भाटानं काय करायचं असतं ते मला अद्याप कुणी नीट सांगितलेलं नाही. माझ्यासारख्यानं तिथे बसण्यात अर्थ नाही, असं माझं मत कायम आहे. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विश्वेश्वर

ता. क. पेटी खंडोजीबरोबर पाठवतो आहे. उघडशील तेव्हा तंबोरेवाला सापडणार नाही. तो सुटला खरा, पण आता तळ्याच्या पुलावर आहे आणि पलीकडे राक्षस आहे. अशा वेळी त्याला म्हैसूरला धाडता येत नाही. तुझी हरकत नसेल तर तो माझ्याकडेच राहू दे. त्याच्या जागी भाजीवाली मांड. नाक तूच फोडलं होतंस, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आणखी एक. वर्ष सरलं की भाटाला गावंच लागेल, असं कृष्णाबाई म्हणतात. अण्णा दाढी करताना म्हणायचा ते गाणं मला पहिल्या ओळीपुढे येत नाही. तुला सगळं येतं. लिहून पाठव. घाई मुळीच नाही. (शनिवारच्या आत आलं तर बरं.)