बुधवारचा तास चालू ठेवण्याच्या अटीवर

मी, वय सदुसष्ट, बालगृहातली निवृत्त गृहमाता, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर पूर्ण शुद्धीत आणि दुपारच्या चहानंतर लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. धाकट्या भावाला तो मान्य नसेल, तर त्याने डॉक्टरांशी भांडावं. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते लिहिलं तेव्हा आमचं बहीण-भावाचं बोलणं बंद होतं.

१. शिलाई मशीन वहिनीला. "दोन दिवसांत परत करते" म्हणून तिने नेली, त्याला बारा वर्षं झाली. आता ती कायद्याने तिची.

२. बँकेतली शिल्लक भाचीला. तिने ती कशावर उडवली, हे तिच्या वडिलांनी विचारू नये.

३. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची, बालगृहाला. अठरा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलींनी तिथे राहावं. अट एकच: दर बुधवारी, मुलं शाळेत असताना, कर्मचाऱ्यांची तासाभराची बैठक चालू राहिली पाहिजे. ती बंद झाली तर घर भावाला जाईल. तो ते महिन्याभरात विकेल, याची मला खात्री आहे. नव्या अधीक्षकांनीही बाळगावी.

अधीक्षक मला म्हणाले होते, "बाई, तासभर बोलत बसण्यापेक्षा तेवढ्यात चार फॉर्म भरून होतात." होतात ना. पण फॉर्मात मुलाने काय केलं तेवढंच येतं: ताट फेकलं, चावलं, पळालं. बैठकीत आधी आपण काय केलं ते सांगायचं, मुलाचं नंतर. मध्येच कोणी सल्ला दिला, तर सगळ्यांचे कप त्याने विसळायचे. वॉचमनमामांनी पहिल्या वर्षी इतके कप विसळले, की शेवटी ते ऐकायला शिकले. मग एका बुधवारी स्वतःच म्हणाले, "ते पोरगं शिव्या देतं तेव्हा मला माझा थोरला आठवतो. म्हणून मी जरा जास्तच ओरडतो." त्या आठवड्यात फाटकाशी आरडाओरडा झाला नाही. याला कोणत्याच फॉर्मात रकाना नाही.

४. ही बैठक मी सुरू केली, एकोणीस वर्षं चालवली आणि तेवढीच वर्षं फसवली. माझा नंबर आला की मी म्हणायचे, "जेवणाच्या वेळी माझा आवाज चढला." एकदा स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "बाई, ही चूक तुम्ही गेल्या वर्षीपण केली होती. दुसरी काही जमत नाही का?" सगळे हसले, मीही. मोठा गुन्हा लपवायचा तर छोटा आपणहून कबूल करायचा, ही युक्ती मी कॉन्व्हेंटमध्ये तिसरीतच शिकले होते. सिस्टर खूश व्हायच्या आणि वर बक्षीस म्हणून येशूचं चित्र द्यायच्या. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय.

म्हणून माझा खरा नंबर इथे. मी गेल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी हे मोठ्याने वाचावं.

सात वर्षांची एक मुलगी होती. आम्ही तिला चिमणी म्हणायचो. रोज संध्याकाळी ती विचारायची, "उद्या तुम्ही येणार ना?" महिन्याच्या रजेवर निघाले त्या संध्याकाळीही मी "हो" म्हणाले. रडारड नको म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घातली. शाळा सुटली की ती फाटकाशी उभी राहायची. नऊ दिवस राहिली. मी परतले तेव्हा तिने विचारणं सोडलं होतं. मलाच नव्हे, सगळ्यांनाच.

वाचून झाल्यावर "बिचाऱ्या बाई" म्हणू नये. आपण एकमेकांना विचारतो तेच विचारावं: तेव्हा मनात काय होतं? उत्तर द्यायला मी नसेन, म्हणून लिहून ठेवते. तिसऱ्या दिवशी वॉचमनमामांचा फोन आला, "पोरगी हलत नाही, काय सांगू?" आणि मला बरं वाटलं. कोणीतरी माझी वाट बघत होतं. मी म्हटलं, "येतील म्हणून सांगा."

पुढचा नंबर अधीक्षकांचा.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार १: डॉक्टर (सही)
साक्षीदार २: स्वयंपाकीणबाई (सही). साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून माझी किटली त्यांना आजच दिली.
स्थळ: राहत्या घरातलं स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च, बुधवार