दोन्ही डॉक्टरांचा होकार

५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. स्त्रीबीजं काढून झाली. शरीर स्वतःवरच उलटतं त्या माझ्या ल्युपसच्या आजारामुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती, म्हणून हार्मोनची इंजेक्शनं अगदी बेताने दिली आणि सोबत रक्त पातळ करणारी. ती टोचायचं काम ह्यांच्याकडे, आमच्या बेकरमहाशयांकडे. भट्टीत कोपरापर्यंत हात घालणारा माणूस, पण सुई पाहिली की डोळे मिटतो! मी म्हटलं, अहो, निदान एक तरी उघडा ठेवा.

दोन गर्भ गोठवून ठेवलेत. पण पोटात ठेवायच्या आठवड्यात लघवीत पुन्हा प्रोटीन दिसलं. किडनीच्या डॉक्टरांनी साफ नकार दिला. म्हणाले, आजार निदान सहा महिने शांत हवा. मावशी, दवाखान्याच्या जिन्यात बसून मी ओक्साबोक्शी रडले. शिवणकाम तसंच पडलंय.

एवढा धोका पत्करला म्हणून रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
बबडी

१४ फेब्रुवारी

चि. बबडीस,
अ. उ. आ.

खरं सांगू? पत्र वाचून माझा जीव भांड्यात पडला. मागच्या वेळी आजार उसळला आणि तुझे सुजलेले डोळे उघडत नव्हते, तेव्हा उशाशी मी होते. शिर सलामत तर पगडी पचास, बाळे. गोठवलेले गर्भ काही रुसून निघून जात नाहीत. गोळ्या चुकवू नकोस, उन्हात टोपी घालायला लाजू नकोस. आणि जावईबापूंना विचार, सुई तुला टोचते, घाम त्यांना का फुटतो?

पत्र लिहीत जा. चार ओळी आल्या तरी मला पुरतं.

तुझी,
मावशी

११ डिसेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आधी बैस, मग वाच. गरोदरपणात चालणारं औषध लागू पडलं, रिपोर्ट महिनोन्‌महिने स्वच्छ आले आणि किडनीच्या आणि गर्भधारणेच्या, दोन्ही डॉक्टरांनी होकार दिला. एक गर्भ ठेवला. काल सोनोग्राफीत त्याचे ठोके ऐकले!

मी मेली तेव्हाही लघवीच्या रिपोर्टचंच विचारत होते. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, तोही उत्तम आहे, आता जरा इकडे बघा. पुढे जपावं लागेलच, तपासण्याही सारख्या आहेत. पण काल घरी आले आणि किती दिवसांनी दुपारी गाढ झोपले.

ह्यांनी ठोके पुन्हा ऐकवायला लावले आणि ऐकता ऐकता मटकन खाली बसले. नर्सने पाणी आणलं ते माझ्यासाठी नव्हे. तेव्हा पुढच्या तपासणीला तू येच. माझं मी निभावेन, पण ह्यांना धरायला कुणीतरी हवं.

तुझी माया आता दोघांत वाटून घेणारी,
बबडी