बांगड्या अर्ध्या वेगाने

रोडपाली, कळंबोली
१४ जानेवारी २०१८

प्रिय इमाद,

सलाम. मी बरा आहे, तूही तिकडे दोह्यात बरा असशील. अमिरुन्निसा खालांचा गुडघा दुखतोय, पण मोहल्ल्यातली सगळी भांडणं अजून त्याच मिटवतात, तेव्हा तुझ्या आईची काळजी नको. हमझाभाई शुक्रवारी दोह्याला निघतोय. खालांनी त्याच्या बॅगेत सुकट आणि लोणचं कोंबलंय, त्यातच हे पत्र. वास आला तर नाक मुरडू नकोस, आमच्या करंजा गावचा माल आहे.

पत्र बघून हसशील. हस. माझ्या फोनचा स्पीकर गेलाय. दुकानवाला म्हणतो चांगला आहे, पण त्याला काय कळतंय! व्हॉट्सअॅप उघडलं की तुझे व्हॉइस नोट्स रांग लावून बसलेले दिसतात, म्हणून तेही काढून टाकलं. शाळेत तुझे मराठीचे निबंध मीच लिहायचो. माझं अक्षर लावायची तुला सवय आहे.

आता मुद्द्याचं बोलतो. तू पाठवलेलं ते टेपचं मॉड्यूल. सिंथेसायझरच्या पेटीत बसवलं, रिबन केबलची लाल कड खाली, अगदी तू सांगितलंस तसं. कार्ड घातलं, माइक लावला, रेकॉर्ड दाबलं. दिवे काय सुंदर लागले रे! आणि आवाज? शून्य. दोन दिवस डोकं आपटून घेतलं. केबल बदलल्या, कार्ड बदललं, तुझ्या खानदानाचा उद्धार केला. शेवटी कळलं, वेगाचं बटण बरोब्बर मधे होतं. उजवीकडे फिरवलं की टेप पुढे, डावीकडे फिरवलं की उलटी, आणि मधे आलं की टेप थांबलेली. मधे म्हणजे काहीच नाही! हे आधी सांगता येत नव्हतं तुला?

ते जमल्यावर बाकीचं पटापट आलं. टेपचे तुकडे पाडायचे, एका आवाजावर दुसरा चढवायचा, तुकडा उलटा वाजवायचा. खरी टेप नाही, रीळ नाही, सगळं त्या नखाएवढ्या कार्डावर, तरी वागतं हुबेहूब टेपसारखं. लहान पोराच्या हाती भोवरा यावा तसं झालं मला.

पण इमाद, पीस खराब आहे.

करंजाला जाऊन कृष्णाबाई मावशीचे धवले या टेपवर भरले. ताईच्या लग्नात तू तिला पहिल्यांदा ऐकलंस, मांडवात बसून ती लग्न लावायची ती गाणी म्हणत होती आणि तू जेवायचा थांबला होतास. तोच आवाज या मशीनमध्ये बोथट होतो. गोधडीखालून गायल्यासारखा. वरचे सूर मशीन खातंय. वर एक बारीक शिट्टी सतत चालू. खरं सांग, सेकंडहँड घेतलंस ना? फसवलं तुला कोणीतरी, आणि तू मला.

राग येऊ देऊ नकोस, पण मला घाई आहे. मावशी थकली. तिच्यामागे आमच्यात धवले म्हणणारं कोणी नाही. तिचा आवाज मी धरायचा आणि तू तिकडून त्याच्याभोवती संगीत बांधायचं, असं ठरलंय आपलं. लोकांच्या हळदीत मिक्सरवर बसून ‘भाऊ, आवाज वाढव’ ऐकण्यात माझी पंधरा वर्षं गेली. हे एकच काम माझं स्वतःचं आहे.

बाकी ठीक. गव्हाणची हळद बरी झाली.

तुझा,
कुंदन


रोडपाली
४ फेब्रुवारी २०१८

प्रिय इमाद,

तुझं उत्तर खालांकडून पोचलं. काल त्यांनी मला चहाला बोलावलं, समोर बसवलं आणि म्हणाल्या, “इमाद बोलतो, भरोसा नसेल तर मशीन परत पाठव. आणि बोलतो, कुंदन फोन का उचलत नाही?” हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. पंखा फार आवाज करतो त्यांचा.

परत पाठवायचं तू रागाने म्हणालास, मला कळतंय. तुझा राग नाकावर असतो आणि शिंकेबरोबर जातो. पण मीही काही अडाणी नाही. काय काय केलं ते ऐक, मग बोल.

पेटीतली बाकीची सगळी मॉड्यूल्स काढली, हे एकटंच ठेवलं. वीज कमी पडते की काय म्हणून दुसरा सप्लाय लावला. कार्डावरची फाइल लॅपटॉपवर घेतली, तिथेही तसंच बोथट. म्हणजे भरतानाच बिघडतंय. माइक बदलला. हेडफोन बदलले. मग ती शिट्टी. तिने तर जीव खाल्लाय. एकेक केबल काढत गेलो, शिट्टी चालू. पेटी बंद केली, चालू. शेवटी भिंतीतला प्लग काढला. तरी चालू.

बिल्डिंगच्या वायरिंगचा दोष असणार. रोडपालीची बांधकामं तुला माहीतच आहेत.

मग मी वरचे सूर हाताने वाढवले, पार टोकापर्यंत. तेव्हा कुठे मावशीचा आवाज उघडला. खूश झालो. मावशीची नात प्रांजल आली होती, तिला ऐकवलं. तिने हेडफोन लावले आणि लगेच फेकले. “मामा, कानात दाभण घातल्यासारखं वाटतं!” मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, फोनवरची गाणी ऐकून तुमचे कान बिघडलेत. ती रडवेली होऊन गेली. तेव्हापासून आलेली नाही.

धर्मराजने या सीझनला मिक्सरवर दुसरा माणूस बसवलाय. मीच म्हटलं त्याला, मला जरा सुट्टी हवी. साउंड त्याचा, गाडी त्याची, त्याने काय करावं हा त्याचा प्रश्न. मला काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात मावशीला इकडेच घेऊन येतोय. शांत खोलीत, समोर बसवून, पुन्हा सगळं भरतो. मग कळेल काय ते.

कुंदन


रोडपाली
११ मार्च २०१८

इमाद, माझ्या भावा,

हे पत्र तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

मशीन चांगलं आहे. ते पहिल्या दिवसापासून चांगलं होतं. तुला फसवलं कोणी नाही, तू मला फसवलं नाहीस. जे बोललो त्याबद्दल माझ्या तोंडात मार.

मावशी आली. तिला खुर्चीत बसवलं, दारं-खिडक्या लावल्या. मी म्हटलं, आधी काहीतरी बारीक आवाज भरून बघू, म्हणजे मशीन नेमकं काय खातं ते सापडेल. मावशीचे हात कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरलेले असतात, आठवतं ना तुला? म्हटलं, मावशी, बांगड्या वाजव. तिने माइकजवळ हात नेऊन वाजवल्या. मी टेप मागे नेऊन वाजवली. काही नाही. म्हटलं, बघ, खाल्लं की नाही! पुन्हा वाजव. तिने पुन्हा वाजवल्या. मी हेडफोन काढून ठेवले होते, आणि ती माझ्यासमोर हातभर अंतरावर बसून हात हलवत होती.

हात हलत होता, इमाद. फक्त हात.

मी बघत राहिलो. तीही बघत राहिली. मग ती उठली, माझ्या कानाशी मनगट आणून जोरजोरात हलवलं. बांगडी माझ्या गालाला लागली, तेवढं कळलं. मग माझ्या तोंडासमोर तोंड आणून ती म्हणाली, “मशीनला काय बी झालं नाय रं पोरा. तुला आयकू येत नाय.” आणि माझं डोकं पोटाशी धरून ती रडली. मी रडलो नाही. मी मशीनच्या दिव्याकडे बघत होतो. मावशी हुंदका देत होती तसा तो दिवा लुकलुकत होता. रेकॉर्ड चालूच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पनवेलला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून कानात सूर सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. आपल्याच धंद्यातलं काम, म्हटलं यात आपण पास. बराच वेळ बटण दाबायची वेळच आली नाही. मला वाटलं यांनी अजून सुरू केलं नाही. बाहेर आलो तर त्यांनी कागद दाखवला. रेघ थोडी सरळ चालते आणि मग ओहोटीच्या पाण्यासारखी उतरत जाते. शिरा गेल्यात म्हणे, दोन्ही बाजूंच्या. ती शिट्टीही तिथलीच. औषध नाही, ऑपरेशन नाही. काम विचारलं त्यांनी. मी सांगितलं, हळदीला साउंड. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, या भागातले तुमच्यासारखे बरेच येतात.

आणि गव्हाणची हळद बरी झाली नव्हती. खोटं लिहिलं मी. माइकने शिट्टी मारली, अख्खा मांडव कान दाबून उभा होता, आणि मी मिक्सरवर मान डोलावतोय! लोक हसायला लागले, मला वाटलं नाचात रंगलेत. धर्मराज धावत आला आणि त्याने माझा हात उचलून बाजूला ठेवला, एखाद्या पोराचा ठेवावा तसा. जाताना नवरीच्या काकाने मला पाणी आणून दिलं. सुट्टी मी मागितली नव्हती. धर्मराजने दिली.

तेव्हाच मला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच मशीनला शिव्या देत बसलो. मशीन दुरुस्त करता येतं रे.

तुझे व्हॉइस नोट्स मी ऐकले होते, आधी. तू बोलतोस हे कळतं, काय बोलतोस ते कळत नाही. फोनचा स्पीकर चांगला आहे. दुकानवाला खरं बोलत होता, त्याची माफी मागून आलो.

आता काय करू मी? मला दुसरं काही येत नाही. दर्यावर गेलो नाही, शिकलो नाही, कान होते म्हणून लोक ओळखायचे. मला भीती वाटते, इमाद. फार भीती वाटते. दिवसभर घरात बसून राहतो. बेल वाजली तरी कळत नाही, म्हणून दार उघडंच ठेवतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. मावशी गेल्यावर मी बांगड्यांचा तो तुकडा लावला आणि सहज वेगाचं बटण हळूहळू मधल्या बाजूला आणत गेलो. टेपचा वेग कमी झाला की सूर खाली उतरतो, तूच शिकवलंस. अर्ध्या वेगाच्या आसपास आल्यावर काहीतरी ऐकू आलं. लांबून, जड, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांसारखं. त्या मावशीच्या बांगड्या होत्या. मग तिचे धवलेही तसेच लावले. म्हाताऱ्या बाप्याने म्हणावेत तसे वाटले, पण शब्द न् शब्द लागला. तेव्हा रडलो मी.

म्हणून मशीन परत पाठवत नाही. रागावलास तरी चालेल. सध्या मला मावशी तेवढ्यातच मिळते.

डॉक्टर म्हणतात, कान अजून उतरतील. म्हणजे बटण अजून थोडं मधे आणावं लागेल, मग आणखी थोडं. मधे आलं की काय होतं ते पहिल्या पत्रात मीच तुला ओरडून सांगितलंय.

पुन्हा आलेला हमझाभाई गुरुवारी परत निघतोय, त्याच्याकडे कार्डाची कॉपी देतो. मावशीचे सगळे धवले त्यात आहेत, मी वाढवलेले सूर काढून टाकलेत. आवाज कसा आला आहे ते मला सांगता येणार नाही, मी फक्त दिवे बघून भरलाय. तू संगीत बांध, माझी वाट बघू नकोस. शेवटचा तुकडा बांगड्यांचा आहे. तो पूर्ण वेगाने लाव. मावशीचा हात कसा वाजतो ते मला लिहून पाठव. फोन नको, खालांकडे निरोप नको. कागदावर लिही. तुझं मराठी कसंही असू दे, मी या वेळी चुका काढणार नाही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
कुंदन