मी भर बाजारात का लंगडलो, याचा खुलासा

साम्चोनपो, शुक्रवार

तीर्थरूप आत्या,

इथूनच तुम्हाला गुडघे टेकून, कपाळ चटईला लावून नमस्कार. (खरोखरच लावलं. घरमालकिणीनं दारातून पाहिलं आणि "आता हे काय नवीन, मास्तर?" असं विचारून गेली. का विचारलं ते पुढे कळेलच.) तुमचा खोकला कसा आहे? थंडीआधी किमची घालायला एकट्या बसू नका, शेजारच्या सुनांना हाताशी घ्या, त्या नुसत्या गप्पा मारतात. माझी तब्येत ठणठणीत आहे. दोन्ही पाय शाबूत आहेत आणि पोटात दारूचा थेंब नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण चुनजाच्या आईचा निरोप माझ्या पत्राआधी जिंजूला तुमच्याकडे पोचला असणार.

आत्या, तुम्ही एवढ्या खटपटीनं जमवत आणलेलं हे स्थळ मोडायच्या बेतात आहे, आणि मला ते मोडायला नको आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी फार बोलणार आहे आणि मुद्दा बाजूला राहील. चुनजा मला आवडली आहे. पोस्टाच्या खिडकीत बसून ती तिकिटं फाडून देते, तेव्हा (हसू नका) मला नसलेल्या नातेवाइकांनाही पत्रं लिहावीशी वाटतात.

तर झालं असं. आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुलींच्या इंग्रजीच्या पुस्तकात एक पान आहे. त्यावर 'वॉक' या क्रियापदाचे एकोणीस भाऊबंद ओळीनं मांडलेत आणि प्रत्येकासमोर अर्थ एकच: चालणे. एकोणीस वेळा 'चालणे'! पुस्तक करणाऱ्याला त्या दिवशी जेवायला उशीर होत असावा. मी म्हटलं, पाठ करा. तर पहिल्या बाकावरची एक आगाऊ कार्टी म्हणते, "सर, सगळ्यांचा अर्थ एकच, तर त्या लोकांना एक शब्द पुरला नसता का?" वर्ग खिदळला. आता आपल्याकडे काय कमी आहे? म्हातारी तुरुतुरु जाते, बाळ दुडूदुडू जातं, बदक डुलत जातं, आणि हेडमास्तर येताना दिसले की आम्ही लगबगीनं जातो. पण हे सगळं आपण आईच्या कडेवर बसून शिकलो. इंग्रजीसाठी कडेवर कोण घेणार? मी ठरवलं, रोज एक शब्द. घरापासून शाळेपर्यंत मी त्या शब्दाप्रमाणे चालायचं, आणि मागून येणाऱ्या मुलींनी तो ओळखायचा. (कल्पना सुचली की अमलात आणेपर्यंत दम निघत नाही, हा दोष तुमच्याच माहेरचा.) फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. शाळेची वाट मासळीबाजारातून जाते, आणि बाजाराच्या तोंडाशीच चुनजाच्या आईचं सुक्या मासळीचं दुकान आहे.

सोमवारी 'लिम्प'. लंगडत गेलो. मुलींनी तीन मिनिटांत ओळखलं, आणि आत्या, आजतागायत एकही मुलगी तो शब्द विसरलेली नाही. मंगळवारी 'स्टॅगर', म्हणजे झोकांड्या खात जाणं. सकाळी साडेसातला मी झोकांड्या खात निघालो तो वाळत घातलेल्या म्हाकूळ-मासळीच्या दोरीवर आदळलो. दोरी तुटली आणि आठ-दहा म्हाकुळं गळ्यात घेऊन वर्गावर गेलो. बुधवारी 'स्नीक', चोरपावलांनी. चुनजाच्या आईच्या खोक्यांमागून वाकून जाताना वर पाहिलं, तर ती हातात सुरी घेऊन उभी. मी काही बोललो नाही, कारण बोललं की 'स्नीक' राहत नाही. आणि गुरुवारी 'स्ट्रट', छाती काढून, तोऱ्यात. काल चोरासारखा गेलेला माणूस आज फौजदारासारखा येताना पाहून तिचा संयम सुटला.

घरमालकिणीनं चुनजाच्या आईचं बोलणं मला शब्दन् शब्द आणून दिलं (मागितलं नव्हतं). "लंगडा असता तर हो म्हटलं असतं. माझा नवराही एका पायानं अधू होता, आणि माणूस सोन्यासारखा होता. दारुडा असता तरी विचार केला असता, या बंदरात दुसरं काय मिळतं? पण सोमवारी सकाळी डावा पाय लंगडा आणि संध्याकाळी उजवा? मेला नाटकी आहे!" आता हे खरं आहे. पण दिवसभर डाव्या पोटरीत गोळा आला होता, म्हणून परतताना बाजू बदलली. प्रामाणिकपणाला जग असं नडतं.

मी गयावया केली, तेव्हा त्याच संध्याकाळी चहाच्या दुकानात मायलेकींना भेटायचं ठरलं. त्या मागच्या टेबलाशी बसल्या होत्या. दारापासून पंधरा पावलं. मी मनाशी म्हटलं, ह्योनगिल, साधं चाल. आणि आत्या, ते साधं काही केल्या येईना! सावकाश निघालो तर प्रेतयात्रेसारखं झालं. वेग वाढवला तर कवायत झाली. मग डावा पाय आणि डावा हात बरोबरच पुढे यायला लागले. चुनजानं तोंड कपात खुपसलं. आईनं विचारलं, "आज कुठला आजार?" मी एकोणीस शब्दांची सगळी कथा सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे इंग्रज असे चालतात?" मी म्हटलं, एकच माणूस नाही, सगळे मिळून. शेवटी तिनं अट घातली: रविवारी सकाळी दहा वाजता बसच्या थांब्यापासून तिच्या दुकानापर्यंत चार माणसांसारखं चालत यायचं, ती दारात उभी राहून बघणार. जमलं तर बोलणी पुढे, नाहीतर राम राम.

कालपासून मी खोलीत चालून बघतोय. जितकं नीट चालायला जातो तितकं बिघडतं. पायांकडे पाहिलं की ते दुसऱ्याचे वाटतात. मला भीती वाटते, आत्या. एवढ्याशा रस्त्यावरून ती मुलगी हातची जाईल.

तुमचा आज्ञाधारक (निदान पत्रात तरी),
ह्योनगिल

ता. क. खरं मागणं वर लिहायचं धाडस झालं नाही. रविवारी तुम्ही या. माझी शिफारस करायला नको, नुसत्या माझ्या बाजूनं चाला. आई गेली त्या वर्षी तुम्ही मला रोज नदीच्या पुलावरून शाळेत पोचवायचात आणि वाटभर सासूच्या तक्रारी सांगायचात. तेव्हा माझे पाय आपोआप चालत होते. तक्रारी नव्या नसल्या तरी चालतील.

आणखी ता. क. (शनिवार) हे पत्र तातडीच्या टपालानं आज रात्रीपर्यंत तुम्हाला पोचावं म्हणून दुपारी पोस्टात गेलो तर खिडकी बंद होत होती. चुनजा बाहेर आली. सोमवारपासून ती दुकानाच्या वरच्या मजल्यावरून मला बघत होती म्हणे, आणि शब्दकोश उघडून चारातले तीन शब्द तिनं ओळखले होते! 'स्नीक'च्या दिवशी मात्र तिला वाटलं, माझं काहीतरी हरवलंय. बोलत बोलत आम्ही बंधाऱ्याच्या टोकाला दिव्यापर्यंत गेलो आणि परत आलो. कसा चाललो, आठवत नाही. पत्र खिशातच राहिलं. परतलो तर चुनजाची आई कमरेवर हात ठेवून दुकानाच्या दारात. मी घाईनं म्हटलं, "उद्या दहाला येतोच!" तर म्हणाली, "उद्या कशाला? अख्ख्या बाजारानं तुम्हा दोघांना जाताना पाहिलं, येताना पाहिलं. आता तुम्ही रांगत आलात तरी पोरगी तुम्हालाच द्यावी लागणार, मास्तर!"

तेव्हा रविवारचं राहू द्या. माझ्या जन्मवेळेचा कागद घेऊन येत्या आठवड्यात या, लग्नाची तारीख काढायची आहे.