मारबतीची फौज जाळू नये म्हणून

मी, सत्यवती रामाजी साठवणे, वय एकाहत्तर, शिक्षण चौथी, राहणार महाल, नागपूर. उद्या पोटाचं ऑपरेशन आहे. डोकं जागेवर आहे. कोणी धमकावून लिहून घेतलेलं नाही. मला धमकावणारा एकच होता, तो आता फोटोत आहे.

१. राहतं घर मुलगा स्वानंद याला. पण कलम पाच वाचून.

२. माझी लुगडी नणंद रुखमाबाईला देऊ नयेत, मागितली तरी. माझ्या लग्नातल्या वरणाला ती अजून नावं ठेवते.

३. फौज नात रितिका हिला. ती दर रविवारी धरमपेठेत लीग खेळते. बोटभर शिपाई टेबलावर मांडायचे, टेपाने मोजून पुढे न्यायचे, फासे टाकून मारायचे. दर महिन्याला फौज वाढवायची. बाकीच्यांचे राक्षस विकतचे. हिची फौज मारबतीच्या मिरवणुकीतल्या पुतळ्यांची: पुढे पिवळी मारबत, मागे काळी, भोवती बडगे, म्हणजे त्यांच्यासंगतचे बाप्ये पुतळे. यजमान बांबूच्या कमच्यांचे मोठे बडगे बांधत, मी एमसील मळून तेच बोटाएवढे केले.

तिची आई गेल्यापासून पोरगी घरात हो-नाहीपलीकडे बोलत नव्हती. त्या टेबलावर ती एका दाढीवाल्यावर ओरडली, "अबे, मोजून दाखव! माझी मारबत मेली नाही अजून!" मी म्हटलं, चला, पोरगी जिवंत आहे.

४. डॉक्टरने गाठ सांगितली तेव्हापासून स्वानंदचं एकच.

"माय, मारबत घरात ठेवतात का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावभर फिरवून जाळतात. तू वर्षभर उशाशी घेऊन राहिली, म्हणून पीडा घुसली. यंदा मारबत शनिवारी, तेव्हाच सारी फौज जाळतो."

"काहून गा, डॉक्टरपेक्षा तुले जास्त समजते?"

"मले काही नाही समजत. मले तू पाहिजे."



शनिवारी मी दवाखान्यात. शेवटचा सामना रविवारी. फौज अपुरी तर पोरगी बाद. मग पुन्हा तिची खोली, बंद दार, आणि ठोकायला मी नसेन. बापाने मागितली तर ती मुकाट्याने देऊन टाकेल. फौजेचा डबा शेजारच्या इंदुताईकडे ठेवावा म्हटलं, तर म्हणे, "साक्ष देतो वं, पण मारबत नाही घेत घरात."

५. रविवारी रात्रीपर्यंत फौज धड राहिली तर घर स्वानंदचं. जळाली तर घर रितिकाचं. वकील म्हणाला, "आजी, ही अट कोर्टात टिकणार नाही." म्हटलं, "कोर्टात कोण जाते गा? पोराने रविवारपर्यंत हात आवरला की झालं."

६. स्वानंद, पीडा जाळायचीच असेल तर थांब. मी नाही वाचली तर मले जाळशीलच. तेव्हा घरातली सारी पीडा माझ्या अंगावर घाल, "घेऊन जा गे मारबत" म्हणून बोंबल, मी घेऊन जाईन. पोरीच्या फौजेले हात लावू नको. हात जोडतो बाप्पा. तुझ्या बापापुढेही जोडले नव्हते.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, साक्षीदारांसमोर सही केली.

सत्यवती रामाजी साठवणे
महाल, नागपूर. बुधवार, २० ऑगस्ट २०२५

साक्षीदार:
१. इंदुताई पराते, शेजारीण (सही)
२. जितेंद्र हेडाऊ, किराणा दुकानदार (सही)

खालची ओळ स्वानंदसाठी सोडली आहे: "वाचलं, कबूल." पेन घेऊन समोर बसला आहे. सही करून नाही राहिला.