पदराची शेवटची गाठ

आये, तू विचारायचीस, "दिसभर त्या पेटयेसमोर बसान करतस काय गो?" आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. आज नीट सांगते. आमच्या कंपनीतली इंटरनेटवरची सगळी ये-जा एका प्रॉक्सी सर्व्हरमधून होते. तो मधला माणूस, त्याच्या पोटात सगळ्यांचे पासवर्ड. ते डिस्कवर सांडू नयेत म्हणून सुरू होतानाच तो आपली मेमरी कुलूपबंद करतो. परवापासून तेच जमेना. 'मेमरी लॉक करता आली नाही' एवढं म्हणायचा आणि बंद पडायचा. किती मेमरी लॉक करायची याची मर्यादा असते, ती मी वाढवली. मी हाताने सुरू केला की मुकाट चालायचा. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, की आपला आपण उठताना परत आडवा. डोकं फुटायची वेळ आली. शेवटी आज दुपारी कळलं, ती वाढवलेली मर्यादा मी लॉगिन केलं तरच लागू होते. मी नसताना त्याला उठवणारी व्यवस्था वेगळी, आणि तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिथे एक ओळ घातली, झालं. सगळ्यांनी चॅटवर शाबासकी दिली, आणि मी उठून आत गेले आणि रडले.

कारण तू तशीच झाली होतीस. मी मसुऱ्याला आले की तुला सगळं आठवायचं, काजू कुठे वाळत घातलेत इथपर्यंत. मी गेले की चुलीवरचा भात करपून जायचा, आणि शेजारची काकी मला फोन करायची. पूर्वी तुझ्या पदराला एकच गाठ असे, नारळ पाडणाऱ्याला निरोप द्यायचा म्हणून. काम झालं की सोडायचीस. मग गाठीच गाठी झाल्या. "पदर हा की जाळा?" म्हणून मी चिडवायचे, तू हसायचीस.

त्या शेवटच्या खेपेला माझ्यासमोर तू एक गाठ मारलीस.

"ही कित्याक गो?"

"तुका कायतरी सांगूचा आसा. तू जातलंस तेव्हा सांगतलंय."

रिक्षा दारात आली. मी पिशवी उचलून थांबले. तू ती गाठ बोटांनी चाचपत राहिलीस, आणि मलाच विचारलंस, "ही कोणी मारल्यान गो?" रिक्षावाला घाई करत होता.

तुझी बाकीची लुगडी मी वाटून टाकली. त्या गाठीचं हे एक राहिलं, न धुतलेलं. आज ते काढलं आणि गाठ नखाने सोडवायला घेतली. आत काही नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी अर्धी सैल झाल्यावर माझा धीर सुटला आणि मी ती पुन्हा आवळली. हे कुठे पाठवायचं नाहीच आहे, म्हणून सांगते: आये, ती गाठ आता पुरती तुझ्या हातची राहिलेली नाही.