तीन माणसांच्या फोटोची चौकट

धाकटीस थोरलीचा आशीर्वाद. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? (डॉक्टर काय म्हणाला ते नको, गुडघे काय म्हणतात ते कळव.) तुझ्या यजमानांचा खोकला गेला, की अजून येईल त्या पाहुण्याला ऐकवतात?

तुझी तिन्ही पत्रं पोचली. आईचा तो एकुलता एक फोटो मी चौकट करायला म्हणून तुझ्याकडून नेला आणि पंधरा दिवस म्हणता म्हणता दोन महिने झाले, हे खरं. फोटो सुखरूप आहे. उशीर का झाला ते ऐक.

सुतार म्हणाला, आठ दिवस लागतील. चार काठ्या जोडायला आठ दिवस? तेवढ्यात माणूस लग्न करून पस्तावतोसुद्धा. म्हणून काम घरीच करायचं ठरवलं आणि दीड महिन्याने मोकळा रविवार मिळाला तेव्हा माझ्या थोरल्या मुलाला बसवलं. तो दिवसभर ऑफिसात कागद सरळ लावतो, तेव्हा काठ्याही सरळ लावील असं मला वाटलं. लाकडासाठी जुन्या पलंगाची एक पट्टी काढली. (त्या पलंगावर तुझे भावोजी झोपतात. हल्ली मध्येच जरा खोल जातात, पण त्यांची तक्रार या घरात कोण ऐकतंय.)

चौकटीचे कोपरे तिरके कापायचे असतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि थोरल्याला दोन पट्ट्या सरळ कापून झाल्यावर कळलं. दोन तिरकी टोकं अशी भिडली पाहिजेत की मधून केस जाऊ नये. तीन कोपरे भिडले. चौथ्यात मुंगीने सहकुटुंब ये-जा करावी एवढी फट. ती घालवायला एक काठी तासली, तर समोरचा कोपरा उघडला. तो मिटवायला दुसरी तासली. लोण्याचा गोळा वाटणारं ते माकड असतं ना, तसं दुपारभर चाललं. सून दारात उभी राहून काही बोलत नव्हती. (तिचं न बोलणं शेजाऱ्यांनाही ऐकू जातं.) मी म्हटलं, "अरे, एकदा फोटो लावून तरी बघ!" तर म्हणतो, "आई, आधी कोपरे. कोपरे जुळले की बाकीचं आपोआप बसतं." बापाचं नाक घेतलं ते घेतलंच, अक्कलही तिथूनच उचलली.

संध्याकाळी चारी कोपरे असे जुळले की बघत राहावं. सरस लावला, वर पिठाचा डबा ठेवला. सकाळी चौकट उचलली तर खाली पसरलेलं वर्तमानपत्रही सोबत आलं, त्यामुळे मागच्या बाजूला कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत, त्या आता कायमच्या. दीड वितीची चौकट तासून तासून वीतभर उरली होती. तुझे भावोजी म्हणाले, "चौकट झकास. आता हिच्यात मावेल असा फोटो शोधा."

तर चौकट भिंतीवर लागली आहे आणि आई तिच्यात छान बसली आहे. काळजी नसावी.

तुझी,
ताई

ता. क. फोटोची रुंदी थोडी कमी करावी लागली. कात्री मीच चालवली, थोरला ती हातात धरायला तयार होईना. आई खुर्चीत मधोमध, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तू, आणि चौकटीत मावणार दोघी. माझा हात आईच्या खांद्यावर होता. मला कापलं असतं तर तिच्या खांद्यावर नुसता पंजा उरला असता, पोरं घाबरली असती. तू रुसून लांब उभी होतीस, तिकडून कात्री सरळ गेली. तुझा तुकडा या पत्रासोबत पाठवते आहे.

आणखी एक ता. क. तुकडा पाकिटात घालताना चष्मा लावून पाहिला. तू लांब उभी होतीस खरी, पण खुर्चीच्या आडून आईने तुझ्या फ्रॉकचं टोक मुठीत घट्ट धरलंय, पळशील म्हणून. साठ वर्षांत ना तुला दिसलं, ना मला. ती मूठ तुझ्या तुकड्यात गेली आहे, इकडे आई मनगटापर्यंतच आहे. म्हणून तुकडा पाकिटातून परत काढला. आईचा हात असा टपालाने पाठवायचा नाही. तूच ये. रागवायचं तेही इथे येऊन रागाव, पत्रात तुला धड भांडता येत नाही.